पुढचे पाठ, मागचे सपाट

विशेष प्रतिनिधी

पाचवीचा वर्ग. फळ्यावर अपूर्णांकांची बेरीज चालू आहे. शेवटच्या बाकावरचा मुलगा फळ्यावरील सारे काही वहीत जसेच्या तसे उतरवून घेतो आहे. अक्षर वळणदार, वही पूर्ण, हजेरी नियमित. मात्र वहीतील तीच ओळ बोट ठेवून वाचायला सांगितली, की तो गप्प होतो. पहिली दोन अक्षरे जुळवतो, जोडाक्षरापाशी अडतो आणि मग शेजारच्याकडे पाहतो. त्याच्या लेखी ते लिहिणे नसून चित्र काढणे आहे. राज्यातील कोणत्याही तालुक्यातील कोणत्याही शाळेत असा मुलगा किंवा मुलगी सापडणे कठीण नाही. कठीण आहे ते हे, की पाच वर्षे शाळेत येऊनही हे मूल कोणाच्याच नजरेस का आले नाही, या प्रश्नाचे उत्तर देणे.

हा प्रश्न आता अधिक टोकदार झाला आहे. केंद्र सरकारने ५ जुलै २०२१ रोजी 'निपुण भारत' अभियान सुरू केले, तेव्हा २०२६-२७ पर्यंत देशातील प्रत्येक बालकाने तिसरी पूर्ण करताना समजून वाचावे आणि प्राथमिक गणिती क्रिया कराव्यात, असे उद्दिष्ट ठरविण्यात आले होते. त्याआधी २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पायाभूत साक्षरता व संख्याज्ञान हे सर्वोच्च प्राधान्याचे काम मानले आणि हे कौशल्य न मिळविलेली पाच कोटींहून अधिक मुले प्राथमिक स्तरावर असावीत, अशी कबुलीही दिली. ठरविलेली मुदत दाराशी आली असताना या वाटचालीचा लेखाजोखा मांडणे अगत्याचे ठरते.

आकडे काय सांगतात?

'असर' या नावाने ओळखले जाणारे सर्वेक्षण २००५ पासून घराघरांत जाऊन केले जाते. त्याची पद्धत अत्यंत साधी आहे. मुलासमोर एक कागद ठेवला जातो. त्यावर काही अक्षरे, काही सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट असते. गणितासाठी अंकओळख, दोन अंकी हातच्याची वजाबाकी आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे, एवढेच विचारले जाते. २०२४च्या सर्वेक्षणात देशातील ६०५ ग्रामीण जिल्ह्यांतील सुमारे साडेसहा लाख मुलांपर्यंत स्वयंसेवक पोहोचले.

त्यातून दिसलेले चित्र असे. दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचू शकणारी पाचवीतील मुले २०१८ मध्ये ५०.५ टक्के होती. कोरोनाकाळानंतर, २०२२ मध्ये, हे प्रमाण ४२.८ टक्क्यांवर घसरले आणि २०२४ मध्ये ४८.८ टक्क्यांपर्यंत सावरले. भागाकार करू शकणारी पाचवीतील मुले मात्र २०२४ मध्येही ३०.७ टक्केच होती. महाराष्ट्राला कोरोनाकाळाचा फटका अधिक बसला. येथील ग्रामीण भागात दुसरीचा मजकूर वाचू शकणाऱ्या तिसरीतील मुलांचे प्रमाण २०१८ मध्ये सुमारे ४२ टक्के होते, ते २०२२ मध्ये सुमारे २७ टक्क्यांवर आले. मार्च २०२० पासून दीड वर्षाहून अधिक काळ पहिली-दुसरीचे वर्ग भरलेच नव्हते, हे लक्षात घेता ही घसरण अनपेक्षित म्हणता येणार नाही.

देशपातळीवर २०२४ मध्ये झालेली सुधारणा स्वागतार्ह आहे. तिसरीतील हातच्याची वजाबाकी करणाऱ्या मुलांचे प्रमाण २०१८ मधील २८.२ टक्क्यांवरून २०२४ मध्ये ३३.७ टक्क्यांवर गेले, म्हणजे कोरोनापूर्व पातळीही ओलांडली गेली. सरकारी यंत्रणेने लहान वर्गांकडे प्रथमच गांभीर्याने लक्ष दिल्याचा हा परिणाम मानला जातो. तथापि, दर तीन मुलांमागे दोन मुलांना अद्याप ही वजाबाकी येत नाही, ही त्याच आकड्याची दुसरी बाजू आहे. केंद्राने डिसेंबर २०२४ मध्ये घेतलेल्या 'परख' सर्वेक्षणातही नव्व्याण्णवपर्यंतच्या संख्या चढत्या-उतरत्या क्रमाने लावू शकणारी तिसरीतील मुले ५५ टक्केच आढळली.

शहरी वाचकांनी येथे एक बाब ध्यानात घ्यावी. 'असर'चे नियमित सर्वेक्षण ग्रामीण भागापुरते असते. मुंबई, पुणे, नागपूर येथील वस्त्यांमधील मुलांविषयी इतक्या सातत्याने, घरोघर जाऊन गोळा केलेली आकडेवारी उपलब्ध नसते. आकडा नाही म्हणून प्रश्न नाही, असा समज करून घेणे सोयीचे असले, तरी खरे नाही.

मूल नेमके कोठे अडते?

मूल 'ढ' आहे, घरी अभ्यास घेत नाहीत, लक्ष नाही, ही नेहमीची कारणे झाली. प्रत्यक्षात वाचन आणि गणित या पायऱ्यापायऱ्यांनी चढण्याच्या गोष्टी आहेत आणि बहुतेक मुले एखाद्या विशिष्ट पायरीवर थांबलेली असतात. मराठीत मुळाक्षरे येतात; काना आला की गाडी थोडी पुढे जाते; वेलांटी आणि उकारात गोंधळ होतो; मात्रा व अनुस्वार एकत्र आले की वाचन थांबते आणि जोडाक्षर आले की मूल अंदाजाने शब्द ठोकून देते. 'प्रकाश' ऐवजी 'पकाश', 'वाऱ्यावर' ऐवजी 'वारावर' असे वाचणाऱ्या मुलाला सगळे मराठी पुन्हा शिकविण्याची गरज नसते. त्याची पायरी ओळखून तेवढीच पक्की करून घ्यावी लागते.

गणिताचेही तसेच आहे. ५२ मधून २७ वजा करायला सांगितल्यावर अनेक मुले ३५ असे उत्तर लिहितात. हे उत्तर चुकीचे असले, तरी त्यामागे तर्क आहे. दोनातून सात जात नाहीत, म्हणून मुलाने सातातून दोन काढले. पाच दशकांपैकी एक दशक सुटे करता येते, ही कल्पना त्याच्यापर्यंत पोहोचलेलीच नाही. अशा मुलाकडून तीच रीत शंभर वेळा गिरवून घेण्यापेक्षा दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या त्याच्या हाती दिल्या, तर एक गठ्ठा सोडल्याशिवाय सात काड्या देता येत नाहीत, हे त्याला स्वतःच उमगते. वर्गात मात्र उत्तरावर लाल फुली पडते आणि पुढचे उदाहरण सुरू होते.

मराठी संख्यावाचनाची अडचण याहून वेगळी आहे. लिहिताना आपण दशक आधी लिहितो आणि बोलताना एकक आधी उच्चारतो. 'सदुसष्ट' ऐकून ७६ लिहिणारे मूल ऐकल्याबरहुकूमच लिहीत असते. 'एकोणपन्नास' या शब्दात 'पन्नास' ऐकू येते; पण संख्या चाळिशीतली असते. २०१९ मध्ये 'बालभारती'च्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस दोन', 'वीस पाच' अशा वाचनाचा पर्याय देण्यात आला, तेव्हा राज्यभर वादाचा धुरळा उडाला. विधिमंडळात आणि वृत्तवाहिन्यांवर त्याची थट्टा झाली. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी त्यामागील भूमिका मांडली. पण मराठी भाषेच्या अस्मितेपुढे सहा-सात वर्षांच्या मुलांची अडचण मागे पडली. ती पद्धत योग्य की अयोग्य याबद्दल मतभेद असू शकतात. मात्र मूल कोठे अडते, याची चर्चा करण्याची दुर्मीळ संधी त्या गदारोळात वाया गेली, हे नाकारता येत नाही.

आणखी एक निरीक्षण उद्बोधक आहे. नोबेलविजेते अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता व दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा अभ्यास केला. तो २०२५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. भाजीचा हिशेब मनातल्या मनात चटकन करणाऱ्या या मुलांना शाळेच्या पद्धतीने मांडलेली उदाहरणे जमली नाहीत. उलट शाळेतील मुलांना बाजारातील हिशेब जमला नाही. एका मुलाकडील गणित आणि दुसऱ्याकडील गणित यांची गाठच पडत नाही, याचा दोष मुलांच्या बुद्धीकडे जात नाही. तो शिकविण्याच्या पद्धतीकडे जातो.

अभ्यासक्रमाची शर्यत

मग शाळेत हे का घडते? शिक्षकांना दोष देणे सर्वांत सोपे. प्रत्यक्षात शिक्षकाकडून अपेक्षा असते ती अभ्यासक्रम वेळेत पूर्ण करण्याची. वर्गात तीस मुले असतील, तर त्यांत अस्खलित वाचणारी काही, अडखळत वाचणारी काही आणि अक्षरओळखही पक्की नसलेली काही, असे तीन-चार वर्ग एकाच खोलीत बसलेले असतात. पाठ्यपुस्तक मात्र एकच आणि ते पुढच्या बाकावरच्या मुलांच्या वेगाने सरकते. द्विशिक्षकी शाळेत तर एका शिक्षकाकडे दोन किंवा अधिक इयत्ता असतात. पहिलीत मागे पडलेले मूल दुसरीत अधिक मागे पडते आणि चौथीपर्यंत ते गप्प बसायला शिकते. 'पुढचे पाठ, मागचे सपाट' ही म्हण आपण मुलाला उद्देशून वापरतो. वास्तविक ती व्यवस्थेला अधिक शोभते.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि आठवीपर्यंत मुलांना नापास न करण्याचे धोरण आले. मुले कच्ची राहण्याचे खापर अनेकांनी त्या धोरणावर फोडले. २०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि महाराष्ट्रात २०२३-२४ या वर्षापासून पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा सुरू झाली. परीक्षेने मूल कच्चे असल्याचे कळते, यात शंका नाही. पण ते पाचवीत कळून काय उपयोग? पहिली-दुसरीत अडलेल्या मुलाला पाचवीत पुन्हा बसवून पाचवीचेच पुस्तक दिले, तर त्याचे वर्ष जाते. पायरी तीच राहते.

उत्तर मुंबईतच सापडले होते

या प्रश्नावरचा एक परिणामकारक उपाय पाव शतकापूर्वी मुंबईत आकाराला आला, याचे विस्मरण होता कामा नये. 'प्रथम' या संस्थेचा जन्म नव्वदच्या दशकात मुंबईतील झोपडपट्ट्यांमध्ये झाला. महापालिकेच्या शाळांमध्ये तिने 'बालसखी' ही योजना राबविली. वस्तीतीलच दहावी-बारावी शिकलेली तरुणी तिसरी-चौथीतील मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना शाळेच्या वेळेतच रोज सुमारे दोन तास वेगळे बसवून वाचन व गणिताची पायाभूत कौशल्ये शिकवीत असे. तिचे मानधन दरमहा पाचशे ते साडेसातशे रुपये होते. २००१ ते २००३ या काळात मुंबई व बडोदा येथे या योजनेचे शास्त्रशुद्ध मूल्यमापन झाले. बालसखीकडे गेलेल्या मुलांची प्रगती स्पष्टपणे अधिक होती. त्याच वेळी वर्गात उरलेल्या मुलांना, पटसंख्या कमी होऊनही, फारसा लाभ झालेला दिसला नाही. केवळ वर्ग लहान केल्याने काम भागत नाही, शिकविणे मुलाच्या पातळीवर यावे लागते, हा त्यातला धडा. हे मूल्यमापन करणाऱ्यांतील बॅनर्जी आणि डुफ्लो यांना पुढे २०१९ मध्ये नोबेल मिळाले.

यानंतरचे प्रयोग अधिक बोलके आहेत. बिहारमध्ये २००८च्या उन्हाळी शिबिरात सरकारी शिक्षकांनी मागे पडलेल्या मुलांना शिकविले, तेव्हा काही आठवड्यांतच सुधारणा दिसली. तेच साहित्य आणि तेच प्रशिक्षण शाळेच्या नियमित दिवसात दिले गेले, तेव्हा ते पुस्तकाच्या शर्यतीत हरवून गेले. हरियाणात २०१२-१३ मध्ये शाळेच्या वेळापत्रकात रोज एक तास राखून ठेवण्यात आला. त्या तासापुरती मुले इयत्तेनुसार न बसता पातळीनुसार बसली आणि तालुका पातळीवरील मार्गदर्शकांनी आधी स्वतः मुलांना शिकवून पाहिले. भाषेत सुधारणा झाली. उत्तर प्रदेशात २०१३-१४ मध्ये दहा किंवा वीस दिवसांची शिबिरे मिळून सुमारे पन्नास दिवस काम झाले. तेथे परिच्छेद किंवा गोष्ट वाचू शकणाऱ्या मुलांचे प्रमाण इतर गावांच्या तुलनेत सुमारे दुप्पट झाले.

शिक्षक तेच, मुले तीच, खर्चही फार नाही. बदलल्या त्या तीन गोष्टी: मुलाची पातळी तपासणे, पातळीनुसार गट करणे आणि त्या कामासाठी वेळ राखून ठेवणे. अक्षरतक्ता, गोष्टींची छोटी पुस्तके, काड्यांचे गठ्ठे आणि खेळण्यातील नोटा एवढे साहित्य त्यासाठी पुरते.

योजना येतात, योजना जातात

महाराष्ट्राला या विचाराचे वावडे नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाड येथे आदिवासी मुलांच्या अंगणात शाळा नेली. फलटणची प्रगत शिक्षण संस्था आणि पालघर जिल्ह्यातील 'क्वेस्ट' यांनी मराठीतून वाचन-लेखन शिकविण्याच्या पद्धतींवर दीर्घकाळ काम केले. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमधील शाळांचा आदर्श समोर ठेवून २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम सुरू झाला. कोरोनाकाळात, जुलै २०२१ मध्ये, पंचेचाळीस दिवसांचा सेतू अभ्यासक्रम आला. मार्च २०२५ मध्ये 'निपुण महाराष्ट्र' अंतर्गत दुसरी ते पाचवीच्या मुलांसाठी कृती कार्यक्रम जाहीर झाला.

यांतील एकही कल्पना टाकाऊ नव्हती. अडचण अशी, की नवी योजना आली की जुनी विसरली जाते, नवे अॅप येते, नवा तक्ता येतो आणि शिक्षकाचा वेळ मुलांऐवजी माहिती भरण्यात जातो. शिक्षण हक्क कायद्याने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता शिक्षकांना अशैक्षणिक कामे देण्यास मनाई केली आहे. तरीही शाळेत बसून भरावयाच्या माहितीचे ओझे हा शिक्षक संघटनांच्या निवेदनांतील कायमचा विषय आहे. दुसरा धोका अधिक गंभीर आहे. शाळा शंभर टक्के 'प्रगत' किंवा 'निपुण' झाल्याचे कळविण्याची सक्ती झाली, की मुलाची खरी पातळी कागदावरून नाहीशी होते. ज्या मुलाला येत नाही, त्याची नोंद 'येत नाही' अशी करणाऱ्या शिक्षकाला नोटीस न मिळता मदत मिळेल, अशी खात्री असल्याशिवाय खरे आकडे वर पोहोचणार नाहीत.

त्यातच काही मुलांची वाट मुळातच बिकट असते. बीडहून ऊसतोडीला जाणाऱ्या किंवा वीटभट्टीवर स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांची मुले ऐन शाळेच्या हंगामात गावाबाहेर असतात. मेळघाटातील कोरकू किंवा नंदुरबारमधील पावरी बोलणाऱ्या मुलाला प्रमाण मराठी ही शाळेतच प्रथम भेटते. त्याला अक्षर न कळणे आणि शब्दाचा अर्थ न कळणे या दोन अडचणी एकदम झेलाव्या लागतात. शहरात हाच प्रश्न वेगळ्या वेषात उभा आहे. घरी मराठी किंवा हिंदी बोलणारे मूल स्वस्तातल्या इंग्रजी शाळेत जाते, कविता घडाघडा म्हणून दाखवते आणि पालक समाधानी होतात. त्याला वाचता येते की केवळ पाठ आहे, हे इंग्रजी न जाणणाऱ्या आई-वडिलांनी ओळखावे तरी कसे?

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. मागे पडलेल्या प्रत्येक मुलाला अध्ययन अक्षमता असते असे नाही. 'डिस्लेक्सिया'सारख्या अक्षमतेला २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्यता दिली आहे आणि अशा मुलांना तज्ज्ञांकडून तपासणी व सवलती मिळाल्याच पाहिजेत. मात्र ज्या मुलाला नीट शिकविलेच गेले नाही, त्याच्यावर अक्षमतेचा शिक्का मारणे अन्यायाचे ठरेल. पातळीनुसार नेमाने काही महिने शिकवूनही फरक पडला नाही, तर तपासणीला विलंब करू नये, हा त्यातील व्यवहार्य मार्ग.

काय करता येईल?

सरकारच्या हाती असलेली पहिली गोष्ट म्हणजे वेळापत्रक. तिसरी ते पाचवीसाठी रोजचा एक तास केवळ वाचन आणि गणिताच्या पायासाठी राखून ठेवावा आणि त्या तासात इयत्तेची भिंत काढावी. दुसरी, केंद्रप्रमुखांनी कागद तपासण्याआधी पाच मुलांचे वाचन स्वतः ऐकावे. तिसरी, एकच कार्यक्रम किमान पाच वर्षे नाव न बदलता चालू द्यावा. महापालिकांनीही आपल्या शाळांतील मुलांची पातळी त्रयस्थांकडून तपासून घेऊन ती नागरिकांसमोर मांडावी. आठ माध्यमांतून शाळा चालविणाऱ्या मुंबई महापालिकेला हे अशक्य नाही.

पालकांना तर आजच सुरुवात करता येईल. 'बालभारती'ची पुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. मुलाने न पाहिलेला दुसरीच्या पुस्तकातील एखादा उतारा त्याच्यापुढे ठेवावा, वाचू द्यावे, मध्ये बोलू नये आणि शेवटी 'काय झालं गोष्टीत?' एवढेच विचारावे. त्यानंतर हातच्याची एक वजाबाकी द्यावी. दहा मिनिटांत पायरी कळते. न आल्यास रागावण्याचे कारण नाही. रोज अर्धा तास मोठ्याने वाचणे आणि काड्या किंवा सुटे पैसे घेऊन हिशेब करणे, यानेच बरेच काम होते. ज्यांच्या घरी मुले मोठी झाली आहेत, त्यांनी इमारतीत धुणीभांडी करायला येणाऱ्या बाईंच्या किंवा रखवालदाराच्या मुलाला हा अर्धा तास द्यावा. बालसखी होण्यासाठी बी.एड.ची अट कधीच नव्हती.

शेवटच्या बाकावरच्या त्या मुलाची वही यंदाही पूर्ण होईल. तपासणीला आलेले साहेब त्यावर सही करतील आणि तो सहावीत जाईल. त्याच्या वहीवर सही करण्याआधी कोणी तरी त्याला एक ओळ वाचायला सांगावी, एवढीच अपेक्षा आहे.